थोड्या फरकाचें मोल

निफाड तालुक्यांतील विंचूरचें नांव निघालें कीं कांद्याचा बाजार डोळ्यांपुढें उभा राहतो. वजनांतील थोडा फरकही तेथें शेतकऱ्याचा जीव खालींवर करतो. विज्ञानांतही असाच एक थोडा फरक आहे. त्याच्याच आधारें अलीकडे बाजारांतले हिशेब वाचले गेले.

विजेच्या वाटेंत प्रत्येक धातु थोडाबहुत रोध करतो. लोखंडास चुंबकत्व आणलें असतां हा रोध बदलतो, असें विल्यम थॉमसन यांनीं १८५७ सालीं जाहीर केलें. हेच गृहस्थ पुढें लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्धीस आले. प्रवाह चुंबकत्वाच्या दिशेनें वाहत असल्यास रोध वाढतो, आडवा वाहत असल्यास घटतो. परंतु हा फरक शेंकडा फारच थोडा. त्यामुळें शतकभर तो प्रयोगशाळेंतील एक कौतुक म्हणूनच राहिला.

१९८८ सालीं फ्रान्समध्यें आल्बेर फेर व जर्मनींत पीटर ग्र्युनबर्ग यांनीं परस्परांपासून स्वतंत्रपणें निराळा मार्ग धरला. कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणें लोखंड व क्रोमियम यांचे थर त्यांनीं एकाआड एक रचले. फेर यांच्या एका नमुन्यांत क्रोमियमचा थर अवघा ०.९ नॅनोमीटर होता. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. उणें २६९ अंश तपमानांत प्रबळ चुंबक जवळ आणतांच त्या नमुन्याचा रोध जवळजवळ निम्म्यावर आला.

हें कसें घडलें? बाजाराच्या आवारास एकामागून एक दोन दरवाजे आहेत अशी कल्पना करावी. पहिला पहारेकरी लाल पागोटें सहज सोडतो, पांढरें अडवितो. दुसऱ्याची आवडही तीच असेल, तर लाल पागोटीं भराभर आंत जातात. ती उलट असेल, तर प्रत्येकजण कोठें ना कोठें अडतो. इलेक्ट्रॉनास भोंवऱ्यासारखी फिरकी असते. तिचे दोन प्रकार हींच दोन पागोटीं, आणि लोखंडाचे थर हेच पहारेकरी. क्रोमियमचा थर नेमक्या जाडीचा असला म्हणजे शेजारच्या लोखंडी थरांचें चुंबकत्व परस्परांविरुद्ध राहतें. बाहेरील चुंबक त्यांस एका दिशेस आणतो व वाट मोकळी होते. थर जाड केले तर इलेक्ट्रॉन वाटेंतच आदळून भरकटतो, आणि दोन्ही दरवाज्यांचा मेळ त्यास जाणवत नाहीं. म्हणूनच येथें पातळपणा हाच गुण.

संगणकाच्या चकतीवर हिशेब सूक्ष्म चुंबकीय खुणांनीं लिहिलेले असतात. खुणा जितक्या लहान, तितका त्यांचा प्रभाव क्षीण. त्या वाचण्यास तितकेंच हळवें टोंक हवें. १९९७ सालीं आय. बी. एम. कंपनीनें या तत्त्वाचें टोंक चकतींत बसविलें. पुढें २००५ च्या सुमारास थरांमध्यें वीजरोधक पापुद्रा घातलेलीं, अधिक हळवीं टोंकें आलीं. २००७ सालीं फेर व ग्र्युनबर्ग यांस पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें.

आडत्याच्या संगणकांत शेतकऱ्याच्या वर्षभराच्या श्रमांची नोंद एखाद्या आंकड्यांत असते. तो आंकडा चुकीचा वाचला गेला तर श्रमांचें मोल चुकतें. तो नीट वाचतां यावा यासाठीं कोणीतरी फार पूर्वीं शेंकडा एकदोनाचा फरकही क्षुल्लक न मानतां टिपून ठेवला होता. तराजूच्या कांट्याकडे डोळे लावून बसलेल्या शेतकऱ्यास ही वृत्ति समजावून सांगण्याची गरज नाहीं.