वांग्याचं झाड भरलंय, पण कुणासाठी?

आज आपण एका वांग्याच्या झाडाबद्दल बोलणार आहोत.

माझ्या आत्याची वाणगावला छोटी वाडी आहे. बोईसरहून लोकलनं पुढचंच स्टेशन, त्यामुळे रविवारी माझी चक्कर असते. गेल्या थंडीत तिनं मला एक झाड दाखवलं. म्हणाली, "बघ, कसलं भरलंय!" आजूबाजूची झाडं वांग्यांनी वाकलेली आणि हे पानांनी गच्च. पानं मात्र बोटाच्या पेराएवढी, मऊ, फिकट. फांदीला फांदी फुटून खराट्यासारखा झुपका झालेला. वांगं एकही नाही. दुकानदारानं आधी बुरशीचं औषध दिलं, मग टॉनिक. आत्या वरून युरिया घालत होती. "एवढं जोमात आहे, धरेल की फळ." दीड महिन्यात अशी अकरा झाडं झाली.

आपल्याकडे याला पर्णगुच्छ किंवा बोकड्या म्हणतात. अशा झुपक्यांना इंग्रजीत 'विचेस ब्रूम', म्हणजे चेटकिणीचा झाडू, असं नाव आहे. वांग्यातला हा रोग १९३०च्या दशकात कोईमतूरला नोंदवला गेला. तेव्हा सगळे त्याला व्हायरस समजायचे. १९६७ साली जपानमध्ये योजी दोई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रोगट झाडांच्या अन्नरसाच्या नळ्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिल्या. तिथे पेशीभित्तिका नसलेले बारीक जीवाणू दिसले. तेच फायटोप्लाझ्मा.

आता माझ्यातला इंजिनिअर इथे अडकला. २००४ मध्ये कांद्याच्या रोगातल्या एका फायटोप्लाझ्माचा पूर्ण जीनोम वाचला गेला. साधारण ८ लाख ६० हजार अक्षरं, बस्स! माणसाचा जीनोम ३०० कोटींच्या घरात. या पठ्ठ्याकडे एटीपी बनवणारं नेहमीचं यंत्रसुद्धा नाही. स्वतःचं घर चालवायचा बराचसा कोड त्यानं काढूनच टाकलाय, कारण सगळं यजमानाकडून मिळतं.

पण दुसऱ्याचं घर चालवायचा कोड त्यानं जपून ठेवलाय. तो झाडात काही प्रथिनं सोडतो. त्यातलं सॅप-५४ फुलाचं पान करून टाकतं. शिवाय ज्या झाडात हे प्रथिन असतं, तिकडे तुडतुडे जास्त ओढले जातात, असं प्रयोगांत दिसलंय. दुसरं सॅप-०५. इंग्लंडमधल्या जॉन इन्स सेंटरच्या टीमनं २०२१ मध्ये दाखवलं, की ते झाडाची वाढ नियंत्रित करणारी प्रथिनं परस्पर कचऱ्यात पाठवतं. मग झाड म्हातारंच होत नाही, नुसतं फुटत राहतं.

तुडतुडे का हवेत? कारण फायटोप्लाझ्माला स्वतः चालता येत नाही. तुडतुडा रस पितो, जंतू त्याच्या पोटात वाढतात, लाळेपर्यंत पोचतात आणि पुढच्या झाडात उतरतात. म्हणजे आत्या युरिया घालत होती, ती मेजवानी तुडतुड्यांची होती.

मग औषध काय? बुरशीनाशकाचा उपयोग नाही, कारण ही बुरशी नाही. पेनिसिलिन पेशीभित्तिकेवर मार करतं, ती इथे नाहीच. टेट्रासायक्लिननं लक्षणं दबतात, पण थांबवलं की परत येतात. शेतात तो मार्ग नाही. एकदा लागण झालेलं वांग्याचं झाड बरं होत नाही. ते दिसल्या दिवशी उपटून नष्ट करायचं. बांधावरचा धोतरा काढायचा, कारण जंतू त्यातही राहतो. रोपवाटिकेपासूनच तुडतुड्यांवर लक्ष ठेवायचं, पिवळे चिकट सापळे लावायचे. दारातल्या सदाफुलीला हिरवी फुलं आली तर तिच्यावरही संशय घ्या. खात्री नसेल तर फांदी घेऊन कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात जा.

हे सगळं मी आत्याला सांगितलं. ती गप्प बसली. मेलेलं झाड कुणीही उपटेल, पण हे तर तरारलेलं होतं, तिनं हातानं पाणी घातलेलं. शेवटी म्हणाली, "तू उपट, माझा हात होत नाही." पहिली पाच मी उपटली. सहाव्याला ती स्वतः वाकली.

तुमच्या वाडीत, गच्चीत, कुंडीत असं फळ न धरणारं भरगच्च झाड असेल, तर आज पानं उलटून बघा. तुडतुडे खालीच बसलेले असतात.

भेटू पुढच्या भागात!