मागून येणारा लहान शब्द
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी इंग्रजीवर बोलणार असे कळल्यावर काहीजणी हसल्या. मलाही हसू आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण स्वतःची फजिती सांगायला फार शिकावे लागत नाही, म्हणून उभी राहिले आहे.

सन २०२२ च्या डिसेंबरात धाकटीच्या शाळेतून चिठ्ठी आली. शनिवारचे गॅदरिंग 'हॅज बीन पुट ऑफ', असे तिच्यात होते. 'पुट' म्हणजे ठेवणे, हे मला ठाऊक. आपण नाही का म्हणत, हळदीकुंकू ठेवले आहे, पूजा ठेवली आहे? तसे गॅदरिंग ठेवले आहे. आणि 'ऑफ' म्हणजे त्या दिवशी अभ्यासाला सुट्टी! मी पोरीला नऊवारी नेसवली, नथ घातली, जिजाऊ सजवली आणि शाळेत नेली. फाटकाला कुलूप. रखवालदार म्हणाला, "बाई, कार्यक्रम पुढे ढकललाय. चिठ्ठी नाही का मिळाली?" पोर काही बोलली नाही. घराच्या वळणावर आल्यावर एवढेच म्हणाली, "आई, यापुढे चिठ्ठी मी बाबांनाच दाखवीन हं." ते मला फार लागले.

त्या रात्री थोरल्याची डिक्शनरी घेऊन बसले. 'पुट ऑन' म्हणजे अंगात घालणे, 'पुट आउट' म्हणजे विस्तव विझवणे, 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे. ठेवण्याचा कुठे पत्ताच नाही! प्रथम रागच आला. मग वाटले, आपण तरी काय करतो? अंगात येणे, अंगावर येणे, अंगाशी येणे. अंग तेच, येणेही तेच; पण पहिलीला आपण कुंकू लावतो, दुसऱ्यापासून पळतो आणि तिसऱ्यात कपाळाला हात लावतो. सगळा फरक त्या 'त', 'वर' आणि 'शी'चा. आपण तो नामाला चिकटवतो, इंग्रज क्रियापदाच्या मागे लावतो, एवढेच.

कुठे कुठे असे दोन शब्द मागे येतात. तिथे मी बरेच दिवस अडले होते. 'रन आउट' म्हणजे संपणे. (आमच्याकडे क्रिकेटचे वेड, त्यामुळे मला आधी वाटले, साखर धावचीत झाली!) 'शुगर हॅज रन आउट' म्हटले की भागते, कारण संपणारी साखर स्वतःच पुढे उभी आहे. पण आपल्यापासून सुरुवात केली तर 'वुई हॅव रन आउट ऑव्ह शुगर' असेच म्हणावे लागते. पहिला शब्द अर्थ फिरवतो आणि दुसरा, काय संपले ते जोडून देतो. हा 'ऑव्ह' एका एफचा बरे का. माझी फजिती केली तो दोन एफांचा.

'पुट अप'चेही तसेच. भिंतीवर कॅलेंडर लावणे म्हणजे 'पुट अप'. त्याला 'विथ' लागला की झाले सोसणे. गणपतीत लाउडस्पीकर 'पुट अप' करतो मांडववाला, आणि 'पुट अप विथ' करतो आपण!

आणखी एक गंमत. शाल पांघरायची तर 'पुट ऑन द शॉल' म्हणा की 'पुट द शॉल ऑन' म्हणा, दोन्ही चालते. पण शालीचे नाव न घेता 'इट' म्हटले, तर ते मधेच घालायचे, 'पुट इट ऑन'. 'पुट अप विथ'मध्ये मात्र कोणाला शिरू देत नाहीत. तिथे 'इट'ने शेवटी बसावे. याचे कारण मी दोघा-तिघांना विचारले. सगळे म्हणाले, "तसेच म्हणतात." आपल्या सासूबाईही कित्येक गोष्टींचे हेच कारण देतात.

मी वहीत रोज एक वाक्य लिहीत गेले, तेही घरातलेच. दूध, गॅस, दिवे, शेजार. मोठ्या पुस्तकातली वाक्ये माझ्या लक्षात राहत नाहीत.

परवा शाळेची सूचना आली, ती मोबाईलवर. धाकटीने फोन आपणहून माझ्यापुढे धरला. सहल 'कॉल्ड ऑफ'. मी म्हटले, "पुढे ढकलली ना?" ती म्हणाली, "नाही गं आई, ते 'पुट ऑफ'. 'कॉल ऑफ' म्हणजे रद्दच." मग मी पुऱ्यांसाठी भिजवलेल्या कणकेच्या पोळ्या लाटल्या.