गाळलेले पाणी, उकळलेले पाणी आणि माती

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित मजकूर)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने कापडाचा व्यापारी. रसायनशास्त्राशी माझा परिचय झाला तो कापडाच्या रंगामुळे. तेव्हा आज पंडिताच्या अधिकाराने नव्हे, तर जिज्ञासू व्यापाऱ्याच्या नात्याने चार गोष्टी आपल्यापुढे मांडणार आहे.

पाणी गाळून वापरावे, हा संस्कार आपल्याला घरातच मिळतो. त्यामागील जीवदयेचा विचार आपणांस सांगण्याची आवश्यकता नाही. या गळण्याची दखल विज्ञानानेही घेतली आहे. रिटा कोलवेल या अमेरिकन शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी बांगलादेशातील खेड्यांत जुन्या सुती साडीच्या अनेक पदरी घडीतून पाणी गाळण्याचा प्रयोग केला. त्याचा अहवाल २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. कॉलऱ्याचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले होते. या रोगाचे जंतू पाण्यातील सूक्ष्म जीवांना चिकटून राहतात आणि ते जीव कापडात अडकतात. कापडाच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे वाचून किती समाधान वाटले असेल, याची कल्पना आपण करू शकाल.

परंतु शिसे, कॅडमियम, निकेल असे जड धातू पाण्यात विरघळलेले असतात. त्यांच्या कणांपुढे कापडाचे छिद्र म्हणजे उघडा दरवाजाच. उकळण्याने जंतू मरतात. धातू मात्र जागचे हलत नाहीत. उलट वाफ निघून गेल्याने उरलेल्या पाण्यातील त्यांचे प्रमाण किंचित वाढतेच. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे शिसे ०.०१ मिलिग्रॅम आणि कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅम यांहून अधिक असू नये. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस बाधक ठरते, तर कॅडमियम मूत्रपिंड व हाडे यांना. या पाण्याला ना वास, ना रंग, ना चव.

येथे माती उपयोगी पडते. १८५० च्या सुमारास इंग्लंडमध्ये जे. थॉमस वे या रसायनशास्त्रज्ञाने मातीतून अमोनियाच्या क्षाराचे द्रावण झिरपू दिले. अमोनिया मातीत अडकला आणि त्याच्या बदल्यात तेवढ्याच तोलाचा चुना बाहेर आला. जमाखर्चाची वही लिहिणाऱ्याला हा व्यवहार लगेच उमगेल. जितके जमा, तितकेच नावे.

या व्यवहाराचे कारण चिकणमातीच्या घडणीत आहे. तिच्यातील माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज म्हणजे अतिशय पातळ थरांची चळत, जणू दुकानात एकावर एक रचलेल्या साड्यांच्या घड्याच. या थरांत काही जागी ॲल्युमिनियमऐवजी मॅग्नेशियम बसलेले असते. त्यामुळे थरावर ऋण विद्युतभार राहतो आणि तो भार फेडण्यासाठी दोन थरांच्या मध्ये सोडियम, कॅल्शियम यांचे धनभारित कण येऊन बसतात. त्यांचे आसन पक्के नसते. पाण्यातून शिशाचा कण आला की सोडियम उठतो आणि शिसे ती जागा घेते. अशा एका ग्रॅम मातीचे सर्व थर उलगडले, तर ७०० ते ८०० चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. माझ्या हिशेबात सांगायचे, तर ४४ इंच पन्ह्याचे जवळपास पावणेसातशे मीटर कापड चिमूटभर मातीत घडी होऊन बसलेले आहे!

ही माती आपल्याला अपरिचित नाही. मुलतानी माती याच कुळातली. पूर्वी युरोपात लोकरी कापडातील तेलकटपणा काढण्यासाठी असलीच माती वापरीत आणि परदेशी विणकरांच्या हाती ती पडू नये म्हणून सतराव्या शतकात इंग्लंडने तिच्या निर्यातीवर बंदी घातली होती. कच्छमध्ये सापडणाऱ्या बेंटोनाइटचा मुख्य घटक माँटमोरिलोनाइटच, आणि पावसात फुगून उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या, भिंतींना तडे पाडणाऱ्या आपल्या काळ्या कापसाच्या जमिनीतही तेच भरपूर असते. मातीच्या मडक्यात मात्र हा गुण शोधू नये. भट्टीच्या आचेत थरांची ही देवघेव जवळजवळ संपुष्टात येते. मडके पाणी थंड करते, तेवढ्यावर समाधान मानावे.

आता व्यापारी बाजू. कागदावरच्या हिशेबाने एक ग्रॅम चांगले बेंटोनाइट सुमारे १०० मिलिग्रॅम शिसे धरू शकते. प्रत्यक्षात तसे घडत नाही, कारण त्याच आसनांसाठी इतर गिऱ्हाइकेही रांगेत असतात. समजा, कूपनलिकेच्या पाण्याची कठीणता लिटरमागे ३०० मिलिग्रॅम आहे आणि त्यात एक मिलिग्रॅम शिसे आहे, म्हणजे मर्यादेच्या शंभरपट. तरीही विद्युतभाराच्या मापाने शिशाच्या प्रत्येक गिऱ्हाइकामागे कॅल्शियम-मॅग्नेशियमची सहाशेहून अधिक गिऱ्हाइके भरतात. माती शिशाला काहीसे झुकते माप देते, हे खरे. पण गर्दी ती गर्दीच. पाणी आम्लधर्मी असेल, तर धातूऐवजी आम्लाचे कणच जागा अडवतात.

याहून मोठी अडचण क्रोमियमची. लोकरीच्या गडद रंगांसाठी वापरले जाणारे डायक्रोमेट पाण्यात ऋणभारित रूपात असते, तर बंगालच्या भूजलातील आर्सेनिक भाररहित किंवा ऋणभारित रूपात. ऋणभारित माती त्यांना जवळ करीत नाही. त्यांच्यासाठी मातीवर लोहाचा किंवा विशिष्ट सेंद्रिय द्रव्यांचा संस्कार करावा लागतो. ‘माती सर्व धातू शोषते’ असे कोणी सांगू लागला, तर ‘कोणता धातू आणि कोणत्या रूपात?’ असा प्रश्न त्यास अवश्य विचारावा.

शिवाय माती पाण्यात फुगते, गढूळपणा आणते, लवकर खाली बसत नाही. म्हणून तिच्या गोळ्या कराव्या लागतात अथवा तुरटीसारखे द्रव्य घालून ती बसवावी लागते. हे काम स्वयंपाकघरातील नव्हे. जेथे पाण्यातील धातू ठाऊक आहे आणि हाताशी रसायनज्ञ आहे, अशा कारखान्याच्या सांडपाण्याच्या तोंडाशीच ते शोभते.

आणि वापरलेल्या मातीचे काय करावयाचे? जपानमधील तोयामा प्रांतात जिंत्सू नदीतून खाणीचे कॅडमियम भातखाचरांत उतरले. मातीने ते धरून ठेवले आणि वर्षानुवर्षे भाताला देत राहिली. माणसांची हाडे ठिसूळ झाली. ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखते, दुखते’, हेच त्या रोगाचे नाव पडले. कॅडमियम हे त्याचे कारण असल्याचे तेथील सरकारने १९६८ मध्ये मान्य केले आणि खाचरांतील माती बदलण्याचे काम २०१२ मध्ये पुरे झाले. धातूने भरलेली माती शेतात वा नाल्यात टाकणे म्हणजे उधारी पुढच्या पिढीच्या नावे लिहिणे. तिची जागा तळोजा, रांजणगाव येथे आहेत तशा घातक कचऱ्याच्या बंदिस्त खड्ड्यांत.

आपल्या ट्रस्टतर्फे औद्योगिक वसाहतीलगत कूपनलिका घेऊन पाणपोई उभारावयाची आहे आणि तिला मातीचा गाळप-थर जोडावा, अशी सूचना काही सभासदांनी सद्भावनेने केली आहे. माझे मत त्याविरुद्ध आहे. आधी उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाळ्यानंतर असे दोनदा पाणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्यावे. शिसे, कॅडमियम, क्रोमियम, आर्सेनिक आणि निकेल यांची नावे अर्जात स्पष्ट लिहावीत, कारण नेहमीच्या तपासणीत ती असतीलच असे नाही. नमुन्याची बाटली प्रयोगशाळेकडूनच आणावी. धातू बाटलीला चिकटू नयेत म्हणून तीत थोडे नायट्रिक आम्ल असते. अहवालात एकही धातू मर्यादेबाहेर आढळला, तर कूपनलिका बंद करून नगरपालिकेच्या नळाची जोडणी घ्यावी. तिचा पहिल्या वर्षाचा खर्च देण्याची माझी तयारी आहे.