समुद्रातला स्पंज आणि सलाईनमधलं औषध

भांडी घासायचा स्पंज आपल्या मोरीत असतो, तो बहुतेक प्लास्टिकचा. खरा स्पंज समुद्रात राहतो आणि तो चक्क प्राणी आहे. तोंड नाही, काळीज नाही, पाय नाहीत. अंगभर बारीक भोकं. त्यांतून पाणी आत घ्यायचं, खाणं गाळून ठेवायचं, पाणी बाहेर सोडायचं, एवढाच त्याचा संसार! मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या प्रवाळातही स्पंज आहेत. आजचा मात्र लांबचा, कॅरिबियन समुद्रातला. नाव टेक्टिटेथिया क्रिप्टा.

पिशोरात बसून त्याचं काय करायचं, असं म्हणाल. तर ऐका. १९५० च्या सुमारास वर्नर बर्गमन नावाच्या शास्त्रज्ञाला या स्पंजात एक वेगळाच पदार्थ सापडला. आपल्या पेशी वाढताना जे धागे विणतात, त्यांच्या टाक्यासारखाच तो दिसायचा, फक्त त्यातली साखर निराळी. त्यावरून प्रयोगशाळेत सायटाराबिन हे औषध तयार झालं आणि १९६९ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. भराभर वाढणारी कर्करोगाची पेशी हा खोटा टाका खरा समजून उचलते आणि तिचं विणकाम तिथंच अडतं. रक्ताच्या कर्करोगावर आजही हे औषध देतात. ते कारखान्यात बनतं, त्यात स्पंज नसतो. उद्या कुणी दारावर समुद्री स्पंजाची पावडर विकायला आलं, तर पैसे गाठीलाच ठेवा.

लेकराला सारखा ताप येतोय, ते पांढरंफटक पडलंय, हिरड्यांतून रक्त येतंय, मार न लागता अंगावर काळेनिळे डाग उठतायत, तर 'नजर लागली' म्हणत महिना घालवू नका. रक्ताची सीबीसी तपासणी साधी असते, त्यातून पुष्कळदा पहिला अंदाज येतो.

उपचार सुरू झाल्यावर केस गळतात, ते पुन्हा येतात. केसांपेक्षा तापाला भ्या. औषधानं पांढऱ्या पेशी कमी होतात, तेव्हा ताप आला तर गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका, रात्रीच दवाखाना गाठा. आणि बरं वाटलं म्हणून शेतीच्या कामासाठी मधली फेरी चुकवू नका.

संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात. जाताना रेशनकार्ड आणि आधार कार्ड घ्या, आणि पैसे भरण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला भेटा.