किल्ली परत घेणे म्हणजे अपमान नव्हे

(कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचे संपादित शब्दांकन)



ऑनलाइन गट सांभाळणारा स्वयंसेवक गप्प झाला, तर त्याचं काय करायचं? हा प्रश्न आपण टाळतो. त्याची किंमत कोण मोजतं, ते सांगतो.

आमच्या फेसबुकवरील मदत गटात अ‍ॅडमिनच्या मंजुरीशिवाय पोस्ट दिसत नाही. अ‍ॅडमिन दोघंच. एका मुलीने शिष्यवृत्तीच्या अर्जाबद्दल विचारलं. पोस्ट अकरा दिवस पडून राहिली आणि मुदत संपली. बैठकीत सगळे भडकले, 'काढून टाका दोघांना!' मग कुणीतरी फोन लावला. एकाचे वडील दवाखान्यात होते. दुसऱ्या ताईंची नोकरी बदलली होती, पण 'जमत नाही' म्हणायला संकोच वाटत होता. आणि आम्ही? सहा महिन्यांत एकदाही त्यांची विचारपूस केली नव्हती.

विकिपीडियावरही संपादनाचं बहुतेक काम स्वयंसेवकच करतात. तिथल्या अ‍ॅडमिनना मराठीत 'प्रचालक' म्हणतात. इंग्रजी विकिपीडियाने २०११ मध्ये नियम केला : १२ महिने एकही संपादन किंवा प्रचालकीय काम नसेल, तर अधिकार काढायचे. पण आधी कळवायचं, महिनाभर अगोदर एकदा आणि शेवटच्या काही दिवसांत पुन्हा. ज्या भाषांच्या विकिपीडियांना स्वतःचा नियम नाही, तिथे दोन वर्षांच्या निष्क्रियतेनंतर विचारणा होते. इंग्रजीत परतलेल्या माणसाला ठरावीक काळात अधिकार पुन्हा मागताही येतात. ही शिक्षा मानली जात नाही. वापरात नसलेलं खातं कुणाच्या हाती लागलं तर अधिकारही त्याच्या हाती जातात, हे त्यामागचं एक साधं कारण.

यातून आम्ही तीन गोष्टी घेतल्या. महिनाभर हालचाल नसेल, तर आधी फोन, तोही खुशाली विचारायला. उत्तर आलं नाही किंवा वेळ नसेल, तर अधिकार काढायचे, सदस्यत्व कायम. आणि मंजुरी देणारे चारपेक्षा कमी कधीच नसावेत. नियम सगळ्यांना एकच, संस्थापकांनाही. नाहीतर ती नियमाच्या नावाखाली गटबाजी ठरते.

त्या ताईंनी स्वतःहून जबाबदारी सोडली. म्हणाल्या, 'बरं झालं विचारलंत, ओझं उतरलं.' आज सवड मिळेल तेव्हा त्या मुलांचे अर्ज तपासून देतात.

माणूस आपलाच असतो. किल्ली मात्र दार उघडायला हजर असलेल्याच्या हाती हवी. बाहेर कुणीतरी ताटकळत उभं असतं.