परमिट रूममधील वाईनची यादी आणि दोन तारखा

परमिट रूमच्या मेन्यूकार्डावरील वाईनची यादी चांगली की वाईट, हे तिच्यातील नावांच्या संख्येवरून किंवा किमतींवरून ठरत नाही. बाटलीतल्या वाईनची द्राक्षे कोणत्या वर्षी खुडली आणि ती बाटली कोणत्या दिवशी उघडली, या दोन तारखा तेथे कळतात की नाही यावरून ठरते, असे या व्याख्यानाचे प्रतिपादन आहे. ‘परमिट रूम’ ही संज्ञा 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याखालील परवान्यातून आली आणि 2001 च्या राज्य शासनाच्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणामुळे वाईनरींना चालना मिळाली, हा इतिहास श्रोत्यांना परिचित असल्याने त्यात शिरण्याचे कारण नाही. मात्र व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर हा विषय कशाला, अशी जी कुजबुज पुढच्या रांगांत झाली, तिला उत्तर देणे आवश्यक आहे. प्यावे की न प्यावे हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा भाग आहे. परंतु नाशिककडच्या दिंडोरी-निफाडच्या शेतकऱ्याने जपून पिकवलेला माल इथे मुंबईत, देवनारच्या परमिट रूमच्या टेबलावर पोहोचेपर्यंत नासत असेल आणि त्याचे पूर्ण पैसे वसूल होत असतील, तर तो शेतीचा आणि ग्राहकाच्या हक्काचा प्रश्न आहे.

पहिली तारीख खुडणीच्या वर्षाची. तिचे महत्त्व समजण्यासाठी नाशिकच्या द्राक्षबागेकडे पाहावे लागते. युरोपात हिवाळ्यात पाने गळून वेल झोपी जातो, तर नाशिकच्या उबदार हवेत त्याला तशी झोप मिळत नाही, म्हणून बागाईतदार त्याची वर्षातून दोनदा छाटणी करतो. एप्रिलच्या सुमारास होते ती खरड छाटणी. तिच्यानंतर फुटलेल्या काडीच्या डोळ्यांत पुढच्या पिकाचे घड सूक्ष्म रूपात तयार होतात, आणि बागाईतदार यालाच सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात. पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात होते ती गोडी छाटणी. तिच्यानंतर तेच घड बाहेर पडतात, मणी फुगतात आणि साधारण जानेवारी ते मार्च या काळात खुडणी होते. एकाच पिकासाठी दोनदा कात्री चालवावी लागते, अवकाळी पावसाच्या एका सरीने मणी तडकतात, आणि त्या रात्री बागेत कोणाचाही डोळा लागत नाही. हा तपशील योजनेपेक्षा लांबला असला, तरी त्यावाचून पुढील मुद्दा उभा राहत नाही. फ्रान्समध्ये खुडणी सप्टेंबरच्या आसपास होते. म्हणून लेबलावर एकच वर्ष असले, तरी नाशिकची वाईन तिथल्या वाईनपेक्षा सुमारे सात महिन्यांनी मोठी असते. शेनिन ब्लां किंवा सोव्हिन्यों ब्लां यांसारख्या हलक्या पांढऱ्या वाईनची सारी गंमत तिच्या ताज्या, फळासारख्या वासात असते. अशा वाईनच्या नावापुढे यादीत वर्ष छापलेले नसेल, तर ग्राहकाने बाटली मागवून लेबलावर वर्ष किंवा ती भरल्याचा महिना पाहावा.

दुसरी तारीख बाटली उघडल्याची. बाटली उघडली की हवेतील प्राणवायू वाईनमध्ये मिसळून तिच्यातील घटकांशी संयोग पावतो. यालाच ऑक्सिडीकरण म्हणतात, आणि कापलेले सफरचंद तांबूस पडते तसाच हा प्रकार आहे. झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवल्यास उघडलेली साधी वाईन दोन-तीन दिवस बरी राहते. पण काउंटरवर, ट्यूबलाइटखाली, तंदूरच्या धगीशेजारी उभी ठेवलेली बाटली मुंबईच्या उकाड्यात दुसऱ्याच दिवशी मलूल होते. परमिट रूमचा हात पेग आणि क्वार्टर यांच्या मापाला सरावलेला आहे. क्वार्टर म्हणजे 180 मिलिलिटर हे सांगताच मागच्या रांगांतून ‘पाठ आहे’ असा आवाज आला आणि सभागृह हसले. ते योग्यच झाले, कारण हेच मोजमाप इथे उपयोगी पडते. व्हिस्कीची उघडी बाटली महिनाभर टिकते, म्हणून वाईनही टिकेल असे तिथे गृहीत धरले जाते. वाईनच्या 750 मिलिलिटरच्या बाटलीत 150 मिलिलिटरचे पाच ग्लास भरतात. दिवसाला एकच ग्लास खपत असेल, तर पाचव्या ग्राहकाच्या वाट्याला पाचव्या दिवसाची वाईन येते. म्हणून ज्या ठिकाणी ग्लासावर दोनच वाईन मिळतात, पण त्या रोज संपतात, तिथली यादी वीस नावांच्या यादीपेक्षा निश्चितच श्रेष्ठ मानावी.

अध्यक्षांची चिठ्ठी आल्यामुळे खाद्यपदार्थांचा भाग आवरता घेणे भाग आहे, जरी देवनारपुरता तोच सर्वांत रसाळ होता. 1971 पासूनच्या पशुवधगृहामुळे या परिसराचे मटणाशी जुने नाते आहे, आणि झणझणीत सुक्या मटणाबरोबर तांबडी वाईनच हवी, असा एक समज रूढ आहे. पण तांबड्या वाईनमध्ये द्राक्षाच्या सालीतून व बियांतून उतरणारा तुरट घटक, म्हणजे टॅनिन, असतो आणि तो तिखटाचा जाळ वाढवतो; उलट किंचित गोडसर, थंडगार शेनिन तो जाळ निववते. तेव्हा यादीत अशी एक तरी बाटली असावी.

वेटरला हे सारे विचारायचे कसे, अशी एक लेखी विचारणा आली आहे. वाईन ग्लासात ओतून आणण्याऐवजी बाटली टेबलावर आणण्यास सांगावे आणि ती कधी उघडली ते विचारावे. ज्या काउंटरवर काळजी घेतली जाते, तिथे बाटलीच्या मानेवर पांढऱ्या चिकटपट्टीचा बोटभर तुकडा लावलेला आढळतो, आणि त्यावर बॉलपेनने दिवस लिहिलेला असतो.