वाघ्याची भीती आणि आपले कर्तव्य



कामगार चळवळीवर आम्ही बोलावे अशी चालकांची इच्छा होती. परंतु त्या विषयावर आम्ही तीस वर्षे बोलत आलो आहोत, आणि आपणही पुष्कळ ऐकले आहे. आज आम्ही एका कुत्र्याविषयी बोलणार आहोत. पुढच्या बाकांवर कोणी हसले, ते आम्हांला दिसले. हसावे, हरकत नाही. मात्र शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.

आम्ही पळसदेवचे. उजनीच्या पाण्याने आमचे जुने गाव पोटात घेतले. पाणी फार आटले की पळसनाथाचे जुने देऊळ पुन्हा उघडे पडते. या बाजूचा वळीव कसा येतो, हे आपणांस सांगायला नको. दुपारपर्यंत ऊन भाजत असते, चारच्या सुमारास पश्चिमेला काळे दिसू लागते, आणि मग वारा, धूळ, वीज नि गारा एकदमच अंगावर येतात. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे येणारी बोट अशाच वादळात उलटून सहा माणसे बुडाली. तेव्हा या आभाळाला भिणे म्हणजे खुळेपणा, असे आमच्या भागात तरी कोणी म्हणू नये.

आमचा कुत्रा वाघ्या एका धनगर कुटुंबाकडून पिल्लू असताना आला. चोर असो की रानडुक्कर असो, तो मागे हटत नसे. तो तीन वर्षांचा असताना घरामागच्या बाभळीवर वीज पडली. त्या दिवसापासून त्याचे चित्त पालटले. वारा सुटला की कान पाडायचा, धापा टाकायचा, लाळ गाळायचा, बाजेखालची जमीन उकरायचा. आम्ही म्हणालो, नाव वाघ्या आणि ही थेरं! शिस्त लावली पाहिजे. आम्ही त्याला दटावले, आणि आभाळ भरले की ओसरीच्या खांबाला साखळीने बांधू लागलो.

एका मे महिन्यात आम्ही सभेला गेलो होतो. वळीव झाला. रात्री परतलो तो खांबाला नुसती साखळी. गळपट्टा तुटलेला, फरशीवर रक्त आणि एक मोडका सुळा. रात्रभर कंदील नि बॅटऱ्या घेऊन हिंडलो. त्या वर्षी पाणी खूप खाली गेले होते. सकाळी मच्छीमारांनी निरोप आणला की, गाळात उघड्या पडलेल्या देवळाच्या दगडांत एक कुत्रा दडून बसला आहे. तो वाघ्याच होता. आम्हांला पाहून तो आणखी आत सरकला. बंधूंनो, ते आमच्या जिव्हारी लागले.

घरी आल्यावर आमच्या मंडळींनी एवढेच विचारले, "अहो, कामगारांची भीती घालवायला तुम्ही गावोगाव भाषणं करता. मग या मुक्या जीवाला साखळी का?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. उत्तर नसले की पुस्तक उघडायचे, ही आमची जुनी खोड. शाळा आमच्या वाट्याला थोडीच आली, म्हणून वाचण्याची लाज आम्हांला कधी वाटली नाही.

पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाचे नाव आपण ऐकले असेल. घासाआधी खूण ऐकवली की पुढे नुसत्या खुणेनेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे त्याने दाखवले. २३ सप्टेंबर १९२४ रोजी लेनिनग्राडला महापूर आला आणि त्याच्या कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत पाणी शिरले. दारे खाली जमिनीलगत होती, म्हणून कुत्र्यांना पाण्याखालून ओढून बाहेर काढावे लागले. कुत्री वाचली, पण त्यांतली काही शिकलेले सारे विसरली. पुढे एक कुत्रा बरा झाल्यावर दाराखालून थोडेसे पाणी आत सोडून पाहिले, तो ते पाहताच पुन्हा बिथरला. आमच्या वाघ्याचे हेच झाले होते. वारा, अंधार, ओल्या मातीचा वास या त्याच्या लेखी बाभळीवरच्या विजेच्या खुणा होत्या. यात नाटक कुठले आणि हट्ट कुठला?

त्याच १९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या बाईंनी सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मूल आवडीचे खात असताना ससा लांब ठेवायचा, आणि दिवसामागून दिवस थोडा थोडा जवळ आणायचा. शेवटी ते मूल सशाला कुरवाळू लागले. आम्ही पशुवैद्यांना विचारले. ते म्हणाले, कुत्र्यालाही हाच मार्ग लागू पडतो, फक्त घाई करू नका.

तेव्हा आता करायचे काय, ते सांगतो.

पहिली गोष्ट, साखळी सोडा. भेदरलेला कुत्रा बांधला तर गळ्याला फास बसतो, आणि झाडाखाली वा लोखंडी खांबाशी बांधला तर विजेचाही धोका असतो. त्याला आत घ्या, फाटक लावा, आणि गळपट्ट्यावर आपला फोन नंबर लिहून ठेवा. दुसरी गोष्ट, त्याची जागा त्यालाच निवडू द्या. पत्र्यावर गारा पडतात तेव्हा घर नगाऱ्यासारखे वाजते, म्हणून पत्र्यापासून लांबची, माजघरातली अंधारी जागा बरी. खिडक्या लावून घ्या, बाजेखाली गोधडी टाका, पंखा किंवा रेडिओ चालू ठेवा. दडलेल्या कुत्र्याला ओढून बाहेर मात्र काढू नका.

तिसरी गोष्ट शिकवणीची, आणि ती थंडीच्या दिवसांत, आभाळ स्वच्छ असताना करायची. आमच्या मुलाने मोबाइलवर गडगडाटाचा आवाज मिळवला. तो अगदी हळू लावायचा आणि लगेच काटे काढलेल्या चिलापीचा घास द्यायचा. आधी गडगडाट, मग घास. हा क्रम उलटा होऊ देऊ नये, नाहीतर घास पाहूनच तो घाबरू लागेल. रोज पाच मिनिटे पुरेत. कान मागे पडले, की आवाज वाढवण्याची घाई झाली असे समजावे आणि तो कमी करावा. आम्हांला यात दोन हिवाळे गेले.

चौथी गोष्ट औषधाची. भीती फार असेल तर पशुवैद्य वादळाआधी द्यायचे औषध देतात. माणसाच्या झोपेच्या गोळ्या मुळीच देऊ नका. काही औषधांनी अंग तेवढे सुस्त पडते, मनातली भीती तशीच राहते. आणि म्हातारा कुत्रा एकाएकी आवाजाला भिऊ लागला, तर त्याचे सांधे दुखतात काय, तेही तपासून घ्या.

कोणी म्हणेल, जवळ घेतल्याने भित्रेपणाचे लाड होतात. आम्हीही हेच म्हणत होतो. पण भीती हे काही कुत्र्याने ठरवून केलेले काम नव्हे की बक्षीस मिळाले म्हणून तो ते अधिक करील. कारखान्यात नवा पोरगा वाफेच्या आवाजाने दचकतो, तेव्हा जाणता मिस्त्री त्याला हसत नाही, शेजारी येऊन उभा राहतो. हे आम्ही शेकडो वेळा पाहिले होते. घरी मात्र विसरलो.

वाघ्या आता म्हातारा झाला आहे. वीज चमकली की आजही त्याच्या अंगावर काटा येतो. धीट झाला, असे खोटे आम्ही सांगणार नाही. पण आता तो पळून जात नाही. उठून आमच्या पायांशी येतो आणि घासाची वाट पाहतो. त्या देवळात आम्हांला पाहून आत सरकलेला तोच हा कुत्रा.

वळवाचे दिवस आहेत. आज-उद्या आभाळ भरेल. घरचा कुत्रा आत घ्याच, पण गल्लीतले एखादे भेदरलेले कुत्रे ओसरीला आले तर त्यालाही काठी उगारू नका. पाऊस थांबला की ते आपले आपण जाईल.

एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.